वाढता वाढता सरळ न झालेला हात

मार्च २०१८ मध्ये बारावीच्या संस्कृतच्या उत्तरपत्रिका तपासत असताना माझ्या उजव्या हाताच्या चिमटीतून पाने निसटू लागली. नागपुरात मार्च उजाडला की हवा कोरडी होते, बोटांच्या टोकांना ओल राहत नाही आणि कागदही गुळगुळीत असतो, अशी स्वतःची समजूत घालून मी ओल्या स्पंजाची डबी टेबलावर ठेवली. तिचा काही उपयोग झाला नाही. पुढच्या काही आठवड्यांत कुलपात किल्ली फिरवताना अंगठा घसरू लागला, साडीच्या निऱ्या चिमटीत धरून खोचेपर्यंत त्यांतल्या दोन-तीन सुटू लागल्या, आणि फोनवर बोलता बोलता करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होऊ लागली. फोन दुसऱ्या हातात घेऊन कोपर सरळ केले की मुंग्या जात. या साऱ्या गोष्टींचे मूळ एकच असेल असे माझ्या मनात आले नाही. वय ४३ होते, आणि या वयात शरीर कुठे ना कुठे कुरकुरतेच, असे म्हणून मी ते सोडून दिले.

ते सोडून देण्यासारखे नाही हे मला पहिल्यांदा सांगितले इतवारीतल्या एका कासाराने. घरातल्या लग्नासाठी बांगड्या भरायला गेले होते. हात दाबून बांगडी चढवताना तो मध्येच थांबला, माझा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग त्याने चाचपून पाहिला, मग डावा हात पुढे करायला सांगितला आणि म्हणाला, "ताई, हा हात वाळला का हो?" मी दोन्ही हात शेजारी धरून पाहिले. डाव्या हातावर जिथे उंचवटा होता, तिथे उजव्या हातावर खळगा पडला होता. जन्मभर बायकांचे हात हाताळलेल्या त्या माणसाला जे दोन मिनिटांत दिसले, ते त्याच हाताने रोज लिहिणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या मला कित्येक महिने दिसले नव्हते.

धंतोलीत दर दुसऱ्या इमारतीवर दवाखान्याची पाटी असते. त्यांतल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. दवाखान्याच्या अर्जात 'पूर्वीच्या दुखापती' या रकान्यात मी 'नाही' असे लिहिले होते. डॉक्टरांनी हाताकडे नंतर पाहिले. आधी त्यांनी मला उभे केले, दोन्ही हात सरळ खाली सोडायला आणि तळवे समोर करायला सांगितले. डावा हात कोपरापासून किंचित बाहेर झुकलेला होता, जसा तो बहुतेक सर्वांचाच असतो. उजवा मात्र अंगापासून चांगलाच दूर गेला होता, जणू त्या बाजूला कायमची एक बादली धरलेली असावी. "लहानपणी या कोपराला काय झाले होते?" असे त्यांनी विचारले, आणि अर्जातले माझे 'नाही' खोटे ठरले. मी मुद्दाम खोटे लिहिले नव्हते. ३७ वर्षे एखादी गोष्ट अंगावर वागवली की ती दुखापत राहत नाही, आपल्या बांध्याचाच भाग होऊन जाते.

नंतर त्यांनी एक कागद माझ्या दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि तर्जनीच्या कडेत धरायला दिला आणि तो स्वतःकडे ओढला. डावा अंगठा सरळ राहिला. उजव्याचे टोक कागद सांभाळण्याच्या धडपडीत वाकले, आणि तरीही कागद सुटला. १९१५ मध्ये झ्यूल फ्रोमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी वर्णन केलेली ही खूण आहे. चिमटी घट्ट करणारा अंगठ्याचा स्नायू दुबळा झाला की माणूस नकळत वेगळ्याच नसेवर, म्हणजे मज्जातंतूवर, चालणारा दुसरा स्नायू कामाला लावतो, आणि तो अंगठ्याचे टोक वाकवतो. उत्तरपत्रिकांनी हीच चाचणी महिनाभर घेतली होती. मला तिचा निकाल वाचता आला नव्हता, एवढेच.

आता १९८१ सालाकडे जावे लागेल. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, सकाळी मारबतीची, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते आणि संध्याकाळी मुलांचा तान्हा पोळा भरतो. मी सहा वर्षांची होते आणि महालातल्या आजोळच्या वाड्यात मुक्कामाला होते. वाड्याच्या मागे एक जामाचे झाड होते. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात.) त्याच्या वरच्या फांदीवरून भिंतीपलीकडचा रस्ता दिसे. मोठ्या मुलांच्या मागोमाग मीही चढले. पावसाने खोड शेवाळलेले होते. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" हा गजर जवळ आला, मी पाहण्यासाठी वाकले आणि उजवा तळवा जमिनीवर टेकवत खाली आले. ईडा पीडा रस्त्यावरून पुढे गेली, निदान त्या वर्षीची माझी तरी मागेच राहिली.

पडताना माणूस हात पुढे करतो आणि पडण्याचा सारा भार तळव्यावरून कोपरात जातो. लहान मुलांत अशा वेळी दंडाच्या हाडाचे खालचे टोक मोडते. त्याचे दोन प्रकार सर्वाधिक आढळतात. पहिल्यात कोपराच्या थोडे वर, जिथे हे हाड सर्वांत पातळ असते, तिथे ते आडवे मोडते. पाच ते सात या वयात हा प्रकार फार दिसतो. दुसऱ्यात त्या टोकाचा बाहेरच्या बाजूचा गोलवा तुटतो, आणि मोड थेट सांध्याच्या आत उतरतो. माझा प्रकार हा दुसरा होता.

त्याची अडचण अशी की सहा वर्षांच्या मुलीचे कोपर एक्स-रेमध्ये जेवढे दिसते त्याहून पुष्कळ जास्त दिसत नाही. त्या वयात कोपराचा मोठा भाग कूर्चेचा असतो. हाड बनण्याची सहा केंद्रे तिथे साधारण १, ३, ५, ७, ९ आणि ११ या वयांच्या आसपास एकामागून एक उगवतात, मुलींमध्ये थोडी लवकर. तोवर कूर्चा फिल्मवर उमटत नाही. त्यामुळे बाहेरचा गोलवा सांध्याच्या पृष्ठभागासकट तुटला तरी फिल्मवर दिसतो तो फक्त हाडाचा एक पातळ पापुद्रा. साय दिसावी आणि खालचे पातेलेभर दूध दिसू नये, असा हा प्रकार आहे. मला ज्या दवाखान्यात नेले होते तिथे "छोटासा टवका उडाला आहे" असे सांगून तीन आठवड्यांचे प्लास्टर घातले गेले. ते मुळात चुकीचे नव्हते. तुकडा दोन मिलिमीटरपेक्षा कमी सरकलेला असेल तर आजही प्लास्टरवर भागते. मात्र हा तुकडा प्लास्टरच्या आतही सरकू शकतो, म्हणून पहिल्या आठवडाभरातच पुन्हा एक्स-रे काढून पाहावा लागतो, आणि शंका असेल तर हात थोडा आत वळवून तिरका एक्स-रेही काढावा लागतो. आमच्याकडे दुसरा एक्स-रे झालाच नाही. तो काढायला कोणी सांगितले नाही की सांगितलेले कोणी ऐकले नाही, हे आता कळण्याचा मार्ग नाही. घरात गणपती बसले, पाठोपाठ महालक्ष्म्या आल्या, आणि प्लास्टर उतरवण्याच्या दिवसापर्यंत कोपराची आठवण कोणाला राहिली नाही.

प्लास्टर निघाले तेव्हा हात ताठरलेला होता. मग एका हाड बसवणाऱ्याकडे नेणे सुरू झाले. कोमट तेल, कामट्या, हळदीचा लेप आणि जोर लावून केलेली मालिश. त्या मालिशीच्या वेळी मी केलेला आरडाओरडा माझ्या मामेभावाला अजून आठवतो. माझे हाड त्या माणसामुळे जुळले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते जुळणार नव्हते याची कारणे आतच होती. मोड सांध्यात उतरलेला असल्यामुळे सांध्यातले वंगण त्या फटीत शिरते आणि हाड सांधणारी गाठ धरू देत नाही. मनगट वर उचलणारे स्नायू नेमके त्याच गोलव्यावर चिकटलेले असतात आणि ते त्याला खेचत राहतात. शिवाय त्या तुकड्याला रक्तपुरवठा मागच्या बाजूने, थोड्याशा वाहिन्यांतून होतो. मालिशीने एवढेच झाले की जे हलू नये ते हलवले गेले. ताज्या दुखापतीनंतर कोपर चोळल्याने स्नायूंच्या आत हाड तयार होऊन सांधा कायमचा आखडतो, ही भीती खरी आहे. त्या बाबतीत मी सुदैवी ठरले.

न जुळलेला तुकडा हळूहळू वर आणि बाहेर सरकला, त्या बाजूची वाढ मागे राहिली, आतली बाजू वाढत गेली, आणि माझा हात दरवर्षी थोडा थोडा बाहेर जाऊ लागला. आई काळजी करी. आजी तिला म्हणे, "पोट्टीचं कवळं हाड हाय, वाढता वाढता सरळ होईन."

आजीचे हे वाक्य मी पुष्कळ दिवस अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगत असे. आता तसे सांगत नाही, कारण ते अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच इतके टिकून राहिले आहे. तिच्या एका मुलाचे मनगट लहानपणी मोडले होते, वाकडे जुळले होते, आणि दोन-तीन वर्षांत ते खरोखर सरळ झाले होते. मनगटाजवळच्या वाढीच्या पट्टीतून त्या हाडाची सुमारे ७५ ते ८० टक्के लांबी तयार होते. एवढी वाढ पुढे शिल्लक असली की जुना वाकडेपणा तीत बराचसा मुरून जातो. दंडाच्या हाडाचे मात्र उलट आहे. त्याची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याच्या टोकाशी होते आणि कोपराच्या टोकाला जेमतेम २० टक्के उरते. त्यातही सांधा ज्या दिशेने हलतो त्या दिशेचा वाकडेपणा थोडाफार भरून निघतो. कोपर बिजागरीसारखे पुढे-मागे हलते, बाजूला हलत नाही. म्हणून बाजूचा कल आणि पीळ जसाच्या तसा राहतो. मनगटाचा अनुभव कोपराला लावण्यात आजीची चूक झाली. शिकलेली माणसेही हीच चूक करतात, आणि तिला 'रिमॉडेलिंग' असे नाव देतात.

माझ्या या मामेभावाचे कोपर नेमके उलट्या दिशेने वाकडे आहे. तो १९८४ मध्ये सायकलवरून पडला, आठ वर्षांचा असताना. त्याचा मोड पहिल्या प्रकारचा, कोपराच्या वरचा. प्लास्टर सैल झाले, खालचा तुकडा आत कलला, आत पिळला गेला आणि तसाच जुळला. हाड जुळले यात वाद नव्हता. वाकडे जुळले, एवढेच. हात सरळ केला की कोपर बाहेर आणि पंजा अंगाकडे येतो. जुनी पुस्तके याला बंदुकीच्या दस्त्याची उपमा देतात, आणि बंदूक शेजारी धरली तर ती पटतेही. हा वाकडेपणा वाढ खुंटल्यामुळे येतो असे पूर्वी पुष्कळांना वाटे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो पहिल्या तीन-चार आठवड्यांतच, चुकीच्या जुळणीने, येऊन बसलेला असतो. सूज उतरून हात पूर्ण सरळ होईपर्यंत दिसत नाही म्हणून नंतर आल्यासारखा वाटतो. त्याची आई, म्हणजे माझी मामी, आम्हा दोघांना शेजारी उभे करून पाहुण्यांना सांगे, "या दोघांचे मिळून चार हात, त्यातले सरळ दोन." आम्ही हसत असू. मुले बहुतेक गोष्टींना हसतात.

मामेभावाला पोलीस भरतीच्या वैद्यकीय तपासणीत या कोपराने अडवले. त्याआधी त्याचा हात कोणत्याही कामात कमी पडला नव्हता. तो क्रिकेटमध्ये गोलंदाजी करी, विहिरीत पोहत असे. म्हणूनच डॉक्टरही अनेक वर्षे म्हणत आले की हा प्रश्न केवळ दिसण्याचा आहे. तसे तेही अगदी खोटे नव्हते. पण चाळिशीनंतर खुर्चीच्या हातांवर तळवे टेकवून उठताना त्याचे कोपर आतून निसटल्यासारखे होऊ लागले. कोपर आत कललेले असले की दंडामागच्या स्नायूची ओढ रोज थोडी आतल्या बाजूने लागते आणि बाहेरच्या बाजूचे बंधन, म्हणजे अस्थिबंध, वर्षानुवर्षे ताणत जाते. दोन-तीन दशकांनी ते सैल पडते. अमेरिकेतल्या ओड्रिस्कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे दुखणे सविस्तर मांडले, म्हणजे तो पडला त्यानंतर १७ वर्षांनी. केवळ दिसण्याचा म्हटलेला प्रश्न असा उशिरा कामाचा होतो.

वाकडे जुळलेले हाड सरळ करता येते. बाहेरच्या बाजूने हाडाची एक पाचर कापून काढायची, फट मिटवायची आणि स्क्रू व तारेने धरून ठेवायची, अशी एक पद्धत फ्रेंच नावाच्या इंग्लंडमधल्या शल्यविशारदांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली, आणि ती थोड्याफार बदलाने अजून वापरात आहे. दुखापतीनंतर निदान वर्षभर थांबून, सूज आणि आखडलेपण पूर्ण गेल्यावर, दोन्ही हातांचे एक्स-रे तोलून हे करतात. वयात येण्याआधी केले तर ते सोपे जाते. मामेभावाच्या बाबतीत आता पाचरीबरोबर अस्थिबंधही नवा बांधावा लागेल असे सांगितले आहे. तो अजून ठरवतो आहे. सरळ हाताचे आमिष त्याला चाळीस वर्षांपूर्वी दाखवायला हवे होते, आता ते कोपराला लावलेल्या गुळासारखे आहे, असे तो स्वतःच म्हणतो. मला ते तितकेसे पटत नाही; पण हात त्याचा आहे.

माझ्या बाबतीत प्रश्न हाडाचा राहिलेला नव्हता, नसेचा होता. कोपर टेबलाच्या कडेला आपटले की ज्या नसेमुळे करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती अल्नर नस कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या उंचवट्यामागून जाते. हात बाहेर झुकलेला असेल तर आतली बाजू लांब होते, आणि कोपर वाकवावे तितक्या वेळा ती नस त्या उंचवट्यावर ताणली आणि घासली जाते. पोळी लाटताना, स्कूटरवर, फोनवर, आणि झोपेत कोपर दुमडून उशीखाली घेतल्यावर तर रात्रभर. असे किती वेळा झाले असेल याचा हिशेब मी एकदा मनात करून पाहिला आणि सोडून दिला. फोटिनोस पानास यांनी हे उशिरा येणारे नसेचे दुखणे १८७८ मध्ये, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्याही १७ वर्षे आधी, वर्णिलेले आहे. मोड आणि लुळेपण यांच्यात वीस, तीस, चाळीस वर्षे जातात. तोवर पडल्याची आठवण असलेली माणसे घरात उरत नाहीत. माझी आजी २००३ मध्ये गेली.

नसेतून वीज किती वेगाने जाते ते मोजणारी चाचणी झाली, आणि वेग नेमका कोपराशी मंदावतो हे तिच्यात दिसले. २०१९ च्या जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. न जुळलेल्या जुन्या तुकड्याला हात लावायचा नाही असे ठरले, कारण कोपर दुखत नव्हते आणि त्याची हालचाल चांगली होती. चाळीस वर्षांनी तिथे खोदकाम करून आहे ती हालचाल गमावण्याची शक्यता अधिक होती. फक्त नस मागच्या खोबणीतून उचलून कोपराच्या पुढे आणून ठेवली, म्हणजे हात वाकवला की ती ताणण्याऐवजी सैल पडेल. रात्रीच्या मुंग्या आठवड्याभरात गेल्या. स्नायूंचे तसे नाही. नसेचा जो धागा वाळला तो कोपरापासून पुन्हा वाढत हातापर्यंत यावा लागतो, आणि त्याची गती दिवसाला साधारण एक मिलिमीटर असते. कोपरापासून पंजाच्या स्नायूंपर्यंतचे अंतर २५ ते ३० सेंटिमीटर धरले तर हे आठ ते दहा महिन्यांचे काम आहे, आणि तो धागा पोचेपर्यंत स्नायू वाट पाहतीलच असे नाही. माझ्या काहींनी पाहिली. किल्ली आता फिरते. निऱ्या नीट बसतात. अंगठ्याजवळचा खळगा पूर्ण भरला नाही, आणि उत्तरपत्रिकांची पाने मी डाव्या हाताने उलटते.

गेल्या वर्षी जूनमध्ये माझा सहा वर्षांचा भाचा मनीषनगरमध्ये सोसायटीच्या घसरगुंडीवरून पडला. भावाचा फोन आला तेव्हा मी निघता निघता दोनच गोष्टी सांगितल्या : हात ओढून सरळ करायचा नाही, आणि त्याला खायला-प्यायला काही द्यायचे नाही. पहिली सगळ्यांना पटली. दुसरीवरून आईने, म्हणजे त्याच्या आजीने, फार वाद घातला, कारण हळद घातलेले दूध गरम झालेले होते. पोट भरलेले असेल तर भूल देण्यासाठी तासन्‌तास थांबावे लागते, हे तिला पटवायला मला पोचावे लागले. वर्तमानपत्राची घडी कोपराखाली धरून, ते किंचित वाकलेल्या स्थितीतच ठेवून, वरून ओढणी सैल गुंडाळून आम्ही त्याला नेले. कोपर जास्त दुमडून घट्ट बांधले तर पुढून जाणारी मुख्य धमनी दाबली जाते.

तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रेच्या आधी मनगटाची नाडी पाहिली, नखांचा रंग पाहिला, आणि मग रडणाऱ्या मुलाबरोबर दगड-कागद-कात्री खेळायला सुरुवात केली. मला क्षणभर राग आला. नंतर कळले की दगडाच्या मुठीने एक नस तपासली जाते, कागदाच्या पसरलेल्या हाताने दुसरी, कात्रीच्या दोन बोटांनी माझी ती अल्नर, आणि शेवटी अंगठा व तर्जनी यांचे गोल कडे करायला लावून धमनीच्या शेजारून जाणाऱ्या नसेची एक फांदी. सहा वर्षांच्या मुलाला 'नस चालते का' असे विचारून उत्तर मिळत नाही. कात्री मात्र तो करून दाखवतो. या पहिल्या काही तासांत सर्वांत मोठे भय वाकडेपणाचे नसतेच. रक्त पोचले नाही किंवा बांधलेल्या हाताच्या आत सूज कोंडली तर कोपरापुढच्या हाताचे स्नायू मरतात आणि बोटे कायमची आत ओढली जातात. जर्मनीतल्या रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये याचे वर्णन केले. (हेच गृहस्थ टोपणनावाने मुलांसाठी परीकथा लिहीत. त्यांनी केलेले या दुखण्याचे वर्णन वाचल्यानंतर ही माहिती मिळाली तेव्हा मला विचित्रसे वाटले.) दुखणे औषधाने न थांबता वाढत जाणे, आणि बोटे हलकेच सरळ केली तरी मुलाने किंचाळणे, ही त्याची सूचना असते. अशा वेळी सकाळ होण्याची वाट पाहत नाहीत. बांधलेले त्याच क्षणी सैल करतात.

भाच्याचा मोड कोपराच्या वरचा होता, पूर्ण सरकलेला. गार्टलँड यांच्या १९५९ च्या वर्गवारीत तिसरा प्रकार. त्याच संध्याकाळी भूल देऊन, चीर न घेता, सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत हाड जागेवर बसवले आणि बाहेरच्या बाजूने तीन तारा घातल्या. आतल्या बाजूने तार घालावी लागली तर तिच्या वाटेत पुन्हा अल्नर नसच असते, म्हणून शक्यतो बाहेरूनच घालतात. या तारा किर्शनर यांच्या, १९०९ पासूनच्या. एवढ्या साध्या वस्तूने मामेभावाचा हात सरळ राहिला असता, हे मी त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून कितीतरी वेळा मनात म्हटले. तेव्हाही त्या तारा होत्या, पद्धतही होती. आमच्यापर्यंत पोचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या एका परिचितांनी सांगितले की अमुक गावात एक जण हात नुसता ओढून बसवतो, कशाला एवढा खर्च केला. मी त्यांना कोपरापासून नमस्कार केला आणि त्यात माझे वाकडे कोपर नीट दिसेल याची काळजी घेतली.

तारा चौथ्या आठवड्यात बाह्यरुग्ण विभागातच काढल्या. मुलगा मला वाटले होते त्याहून कमी रडला. मालिश नाही, शेक नाही, कोणी हात धरून वाकवायचा नाही, खेळता खेळता जेवढा वळेल तेवढा वळू द्यायचा, असे सांगितले होते, आणि ते पाळण्यात माझ्या आईची खरी कसोटी लागली. तेलाची वाटी ती दोनदा कोमट करून परत ठेवताना मी पाहिली. हात पूर्ण सरळ व्हायला अडीच महिने लागले. तोपर्यंत कोन किती आहे हे विचारण्यात अर्थ नव्हता. अर्धवट वाकलेल्या कोपराचा कोन फसवतो.

तान्ह्या पोळ्याला तो लाकडी बैल ओढत महालात आला. मामेभाऊही आला होता. जामाचे झाड आता नाही, वाड्याचा मागचा भाग विकला गेला आहे. उरलेल्या भिंतीशी मी भाच्याला उभे केले, दोन्ही हात खाली, तळवे समोर, आणि पाच पावले मागे जाऊन पाहिले. दोन्हीकडे सारखाच, किंचित बाहेर जाणारा कोन, दहाएक अंशांचा असावा. त्याला वाटले हा खेळ आहे, म्हणून त्याने आम्हा दोघांनाही शेजारी उभे राहायला लावले. मामी आता ७८ वर्षांची आहे. तिने खुर्चीतून पाहिले, बोटांवर मोजले आणि म्हणाली, "सहा हात, सरळ चार." मग तिने भाच्याला बैलाच्या बोजाऱ्याचे, म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या खाऊचे, पैसे दिले, ते त्याने उजव्या हाताने घेतले, आणि पुढचा एक्स-रे येत्या जूनमध्ये आहे हे भावाने दिनदर्शिकेवर लिहिले की नाही ते मी त्याला तिथेच विचारले. लिहिले नव्हते. मी लिहून ठेवले.